चौथ्या सीटवरची कादंबरी

बदलापूर ते सीएसएमटी, ६८ किलोमीटर. हातात पुस्तक, पाठीला कुणाची तरी सॅक आणि डोक्यात मैत्रिणीचा एक खवचट प्रश्न. त्या प्रश्नाच्या नादात वाचून काढलेल्या पाच कादंबऱ्या आणि एका कथासंग्रहाविषयी...

लेडीज डब्यात चौथ्या सीटवर बसण्याचं एक टेक्निक असतं. अर्धं बूड सीटवर, अर्धं हवेत, एक पाय पॅसेजमध्ये घट्ट रोवलेला. पुस्तक उघडलंत तर ते नाकापासून बरोबर वीतभर अंतरावर. त्याहून जास्त जागा नसतेच! अंबरनाथच्या मुली तर सीट मिळावी म्हणून उलट्या गाडीने बदलापूरला येतात आणि त्याच गाडीतून परत निघतात. म्हणजे मुंबईला जायचं तर आधी मुंबईकडे पाठ करायची. आमच्याकडे याला ‘रिटर्न मारणं’ म्हणतात.

तर अशीच रिटर्न मारून आलेली माझी एक मैत्रीण. (नाव छापायचं नाही, असा दम भरलाय तिने.) ऑफिस भायखळ्याला, वाचन मोबाइलवर, आणि मराठी पुस्तकांबद्दल मत एकदम ठाम. एका सकाळी माझ्या हातातल्या जाडजूड पुस्तकाकडे बघून ती म्हणाली, ‘‘काय गं, तुझ्या या मराठी कादंबऱ्यांत आपण कधी असतो का? एक तर पुणं असतं, नाहीतर गाव. गावात दुष्काळ आणि पुण्यात घुसमट. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर कुठंय त्यात?’’

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. खरंच, कुठंय?

मास कॉमला असताना नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) वाचून आपणच पांडुरंग सांगवीकर आहोत असं वाटून घेण्याचा कोर्स मीही पूर्ण केला होता. कम्पल्सरी असल्यासारखा! पण आमचं स्टेशन, आमचा स्कायवॉक, आमची वन बीएचके कुठल्या कादंबरीत वाचल्याचं मला काही आठवेना. मग तिथल्या तिथे पैज लागली. एका पावसाळ्यात मी ठरवून कादंबऱ्या वाचायच्या आणि ज्यात ‘आपण’ आहोत असं एक तरी पुस्तक तिच्या हातात ठेवायचं. हरले तर स्टेशनबाहेरची पाणीपुरी माझ्याकडून. पोटभर.

सिंध ते कॅम्प चार

हातातलं ते जाडजूड पुस्तक म्हणजे भालचंद्र नेमाडेंचं ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’. २०१० साली आलेली ही कादंबरी लोकलमध्ये उभ्याने वाचायची नाही, हा माझा पहिला प्रामाणिक सल्ला. मनगट जातं. खंडेराव नावाचा पुरातत्त्वाचा अभ्यासक मोहेंजोदडोला उत्खननावर असतो, वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं आणि तो खानदेशातल्या आपल्या मोरगावाकडे निघतो. प्रवास एवढाच. पण त्याच्या डोक्यात शतकंच्या शतकं उलथीपालथी होत राहतात.

माझं मत? भाषा म्हणाल तर सॉलिड मेजवानी आहे. गावगाड्यातले आवाज, शिव्या, बायकांची बोलणी, सगळं कानात घुमतं. पण खंडेराव बोलतो फार आणि ऐकतो कमी. मधली शंभरेक पानं मी लग्नातल्या लांबच्या काकांचं ऐकावं तशी नुसती मान डोलावत काढली. पुस्तकातल्या बायका लक्षात राहतात, पण त्यांच्याकडे आपण कायम त्याच्याच डोळ्यांनी बघतो. ते मला खटकलं.

मग एक गंमत झाली. समोर बसलेल्या सिंधी आँटींनी विचारलं, ‘‘कौनसी किताब है, बेटा?’’ त्यांचं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये दुकान आहे. मी म्हटलं, मोहेंजोदडोपासून सुरू होते. त्या एकदम सरळ बसल्या. ‘‘वो तो हमारे लारकाना में है!’’ त्या स्वतः तिथे कधीच गेलेल्या नाहीत. सासूबाई सांगायच्या म्हणे. सासूबाईंची सिंधी पुस्तकं अजून घरातल्या पेटीत आहेत, पण ती अरबी वळणाच्या लिपीत. आँटींना ती वाचता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींमध्ये ठेवलं आणि १९४९ साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. पत्ता मात्र अजून कॅम्प नंबरनेच सांगतात. आपण रोज तिथून जातो, जीन्स घेतो, दाल पकवान खातो आणि ‘कॅम्प’ हा शब्द ऐकून काहीच वाटून घेत नाही. समृद्ध अडगळ म्हणजे काय, ते मला सहाशे पानांपेक्षा त्या पेटीने जास्त नीट सांगितलं. पण पेटीबद्दल आँटींना बोलतं केलं ते पुस्तकानेच, हेही खरं.

स्वतःची खोली असण्याची चैन

पुढचं पुस्तक मुद्दाम बारीक घेतलं. सचिन कुंडलकरचं ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६). पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात पेइंग गेस्ट येतो. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि बहीण अनुजासुद्धा. पेइंग गेस्टला शेवटपर्यंत नाव नाही. आधी तनय बोलतो, मग अनुजाची डायरी. जेरी पिंटोंनी केलेलं इंग्रजी भाषांतर २०१३मध्ये आलं आणि २०२२मध्ये कुंडलकरनेच नेटफ्लिक्ससाठी सिनेमा केला, गोष्ट पुण्यातून थेट कोचीला नेऊन.

सिनेमा बघून ‘छान दिसतोय’ म्हणणाऱ्यांनी आधी पुस्तक वाचावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मित्रमंडळींत सगळ्यांना तनयचा भाग आवडतो. तो आहेच देखणा, जखमेवरची खपली काढत बसल्यासारखा. पण दुसऱ्यांदा वाचताना मी अनुजाच्या बाजूने झाले. ती रडत बसत नाही, सूड घेत नाही. हळूहळू, चिडचिडत, स्वतःच्या पायांवर परत उभी राहते. पुस्तक आलं तेव्हा ३७७ कलम जागच्या जागी होतं. समलिंगी संबंधांना गुन्हा न मानण्याचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला सप्टेंबर २०१८मध्ये. इतक्या आधी हे पुस्तक न घाबरता आणि भाषण न ठोकता लिहिलं गेलं, याचं मला जाम कौतुक वाटतं.

‘आपण’ आहोत का यात? मैत्रिणीला गोष्ट सांगितली तर ती हसली. ‘‘त्यांच्याकडे भाड्याने द्यायला एक्स्ट्रा खोली होती. आमच्याकडे मी रडायला बाथरूममध्ये जाते आणि पाणी यायच्या वेळेत तेही जमत नाही.’’ पॉइंट होता तिचा. प्रेम करायला आधी दार असलेली खोली लागते, हे या पुस्तकात कुणी म्हणत नाही, कारण त्यांच्याकडे ती आहे. पण घरच्यांनी काही न विचारता सगळं ओळखून गप्प राहणं? ते वन बीएचकेमध्येही सेम टू सेम असतं.

रीटा आमच्याच डब्यातली

शांता गोखलेंची ‘रीटा वेलिणकर’ १९९०ची. ‘समकालीन’ कसली, असं कुणी म्हणेल. वाचून बघा आणि मग बोला. रीटा ही घरातली थोरली. नोकरीला लागते आणि आईवडील, बहिणी, सगळ्यांचा भार तिच्यावर. ऑफिसमध्ये हुशार, चोख. लग्न झालेल्या बॉसवर, साळवीवर, तिचा जीव. एक दिवस सगळं असह्य होतं आणि ती कोसळते. कादंबरी तिच्या त्या कोसळण्याची आणि सावरण्याची आहे.

आता सांगा, आपल्या डब्यात अशा किती रीटा असतील? पगार झाल्या झाल्या घरी ट्रान्स्फर करणाऱ्या, भावाची फी आणि बाबांच्या गोळ्या भरणाऱ्या, आणि ‘तू लग्नाचं काय ठरवलंस?’ हा प्रश्न ज्यांना त्यांच्याच पगारावर जगणारे लोक विचारतात अशा. आपण त्याला ‘बर्नआउट’ म्हणतो, एखादं रील शेअर करतो आणि कामाला लागतो. गोखले रीटाला बिचारी करत नाहीत, हीरोईनही करत नाहीत. तिचा राग, तिची स्वतःचीच फसवणूक, सगळं समोर मांडतात. आणि तिला सावरणारं कोण? तिची मैत्रीण सरस्वती. बायकांच्या मैत्रीवर इतकं शहाणं पुस्तक मी मराठीत क्वचित वाचलंय.

एक तक्रार आहे. रीटाच्या आजूबाजूची माणसं भावना फार नेमक्या शब्दांत बोलतात. आमच्या डब्यात कुणी असं बोलत नाही. आम्ही ‘जाऊ दे ना’ म्हणतो आणि कांदेपोह्यांचा डबा पुढे करतो. तरी हे पुस्तक मैत्रिणीने मागून घेतलं. परत करताना एवढंच म्हणाली, ‘‘साळवीला एक ठेवून द्यायला हवी होती.’’ मी हे पसंतीचं सर्टिफिकेट समजते.

लोअर परळची काच

इथे नियम मोडते, कारण हा कथासंग्रह आहे. जयंत पवारांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’. याला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पवार २०२१मध्ये गेले. गिरणगाव संपल्यावर तिथल्या माणसांचं काय झालं, हे त्यांच्याइतकं आतून क्वचितच कुणी लिहिलं असेल.

मी फ्रीलान्स काम करते, त्यामुळे रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा लोअर परळच्या काचेच्या टॉवर्समध्ये मीटिंगला जावं लागतं. दादरला गाडी बदलायची, करी रोडला उतरायचं, पूल ओलांडायचा. जिथे आपण चारशेची कॉफी पितो, ती जमीन गिरण्यांची. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. माझे आजोबा त्यातलेच एक. पुढे लालबागची खोली विकली आणि कुटुंब बदलापूरला आलं. ‘मोकळी हवा आहे’ असं सगळ्यांना सांगायचं ठरलं होतं.

पवारांच्या कथा वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं की मी जिला ‘कामाला जाणं’ म्हणते, ती खरं तर आजोबांची वाट आहे, फक्त उलटी. ते तिथून इथे फेकले गेले आणि मी इथून तिथे रोज लटकत जाते, संध्याकाळी परत यायच्या अटीवर. या कथांत कधीकधी अद्भुत इतकं दाटतं की माझ्यासारखीला धागा सापडत नाही. दोन कथा मी परत वाचल्या, तरी एक अजून नीट उलगडलेली नाही. पण बदलापूरच्या कितीतरी घरांची पूर्वकथा ही आहे. तिच्यात बदलापूर नसलं म्हणून काय झालं?

नदी असलेलं आणि नसलेलं गाव

मनोज बोरगावकरांची ‘नदीष्ट’ २०१९ला आली. नांदेड, गोदावरी, आणि रोज नदीत पोहायला जाणारा निवेदक. प्लॉट विचाराल तर जवळजवळ नाहीच. नदीकाठी भेटणारी माणसं, त्यांची दुःखं, त्यांची मस्ती. त्यात सगुणा नावाची तृतीयपंथी व्यक्ती आहे. तिच्या भागाशी आल्यावर मी पुस्तक मिटून नुसती खिडकीबाहेर बघत बसले. डब्यात टाळी वाजली की आपण नजर चुकवतो, पर्स चाचपतो, दहाची नोट काढतो किंवा झोपेचं सोंग घेतो. या पुस्तकानंतर माझं सोंग जमेनासं झालंय. कादंबरीने आणखी काय करायचं असतं?

उणीव सांगायची तर निवेदक कधीकधी फारच भाबडा होतो. प्रत्येक भेटीतून काही तरी थोर गवसलंच पाहिजे असा त्याचा हट्ट वाटतो. पण नदीचं जे वर्णन आहे, पाण्याचा स्पर्श, डोहाची भीती, वाळू उपशाने होणारी वाट, ते निव्वळ अप्रतिम!

आणि मग आपली वालधुनी आठवते. अंबरनाथच्या शिवमंदिराला खेटून जाणारी. मंदिर १०६०चं, शिलाहारांच्या काळातलं. त्या काळी ज्या नदीकाठी देऊळ बांधावंसं वाटलं, तीच नदी पुढे उल्हासनगरमधून जाते आणि गाडी पुलावर आली की आपण ओढणी नाकाला लावतो. कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी पोटात घेऊन ती काळी पडलीय. आपल्या पिढीत हिला ‘नदी’ म्हणणारं कुणी उरलं नाही, सगळे ‘नाला’च म्हणतात. नदीष्ट व्हायला आधी नदी असावी लागते, बॉस.

आणि शेवटी म्हैस

पावसाळा संपत आला होता आणि पैज मी जवळपास हरले होते. शेवटचं पुस्तक होतं कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’, २०२३च्या साहित्य अकादमी पुरस्काराचं. धरणामुळे गाव उठतं, माणसं दुसरीकडे जातात. पण मागे एक म्हैस राहते. देवाप्पा तिला आणायला त्या सोडलेल्या मुलखात, जंगलात परत जातो. तोवर म्हैस रानातली झालेली असते.

बस्स, एवढंच. माणूस आणि म्हैस. पन्हाळ्याकडची बोली, लांबलचक, दमछाक करणारी वाक्यं. पहिली तीसेक पानं मला झेपली नाहीत. डोंबिवली येईपर्यंत एका पानावरच असायचे. मग कधीतरी ती लय अंगात शिरली आणि दादर कधी आलं कळलंच नाही. चक्क स्टेशन चुकलं! जनावर माणसाला ओळखेनासं होतं, आणि माणसालाही नव्या जागी कुणी ओळखत नाही. कोण कुणाला परत आणतंय, हेच शेवटी कळेनासं होतं. दया दाखवा, असं हे पुस्तक कुठेही म्हणत नाही. या सगळ्यांत मला सगळ्यात जास्त आवडलेलं हेच.

पण पैजेचं काय? यात ना लोकल, ना ऑफिस, ना आपल्या वयाचं कुणी. तरीही मी ते मैत्रिणीला दिलं. म्हटलं, वाच, आवडलं नाही तर पाणीपुरी.

पाच दिवस ती काही बोलली नाही. मोबाइल पर्समध्ये, ओठ हलताहेत, बोली अडली की मला कोपर मारून शब्द विचारतेय. सहाव्या दिवशी विठ्ठलवाडी गेल्यावर तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, ‘‘बारवीची गावं कुठे गेली गं?’’

बदलापूरजवळचं बारवी धरण एमआयडीसीचं. पावसाळ्यात आपण ते भरलं का याच्या बातम्या बघतो, कारण पाणीकपात त्यावर ठरते. उल्हासनगरच्या नळाला येणारं पाणी तिथलंच. त्या धरणाची उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या गावांना, पाड्यांना उठावं लागलं. तोंडली, काचकोली, मोहघर. ही नावं मी बातमीत वाचली होती आणि विसरूनही गेले होते. मी, जर्नलिस्ट! मैत्रीण रोज सकाळी सहाला उठून ज्या पाण्याच्या दोन बादल्या भरते, त्यांच्या खाली कुणाचं तरी अंगण असेल, हे तिला पन्हाळ्याकडच्या एका म्हशीने सांगितलं.

मग लक्षात आलं, आम्ही दोघी चुकीचं शोधत होतो. स्टेशनचं नाव शोधत होतो. उल्हासनगर हे सिंधमधून उठलेल्यांचं गाव. बदलापुरातली अनेक घरं गिरणगावातून उठलेल्यांची. आणि आपल्या नळातलं पाणी तिसऱ्याच कुणाला उठवून आलेलं. आपण सगळे कुठून तरी हललेले लोक आहोत, आणि हललेल्या माणसांवर मराठीत एकाहून एक पुस्तकं आहेत. फक्त त्यांच्यावर पत्ता दुसऱ्या गावाचा आहे.

तरीही मैत्रिणीचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही, हे कबूल करते. रिटर्न मारून सीट धरणाऱ्या मुलीवरची कादंबरी मला अजून हवीच आहे. मी तसं म्हणाल्यावर ती म्हणाली, ‘‘मग लिही की. पण म्हशीसारखी लिही. रडकी नको.’’

पाणीपुरीचे पैसे तिने दिले.

बॅगेत काय टाकाल?

फक्त कल्याणपर्यंत बसायला मिळतं : ‘कोबाल्ट ब्लू’. छोटं आहे, पण ऑफिसला पोचल्यावर लगेच कुणाशी बोलू नका.

मंडे ब्लूज : ‘रीटा वेलिणकर’. मैत्रिणीला भेट द्यायला बेस्ट.

मेगाब्लॉकचा रविवार : ‘हिंदू’. घरी, उशी मांडीवर घेऊन.

गाडी पुढे सरकत नाहीये : ‘नदीष्ट’. चिडचिड खरंच कमी होते.

धीर असेल तर : ‘रिंगाण’. तीस पानं सोसा, पुढचं ते बघून घेईल.

याच पैजेत राहून गेलेलं : कविता महाजनांची ‘ब्र’ (२००५). आदिवासी भागातल्या महिला सरपंचांच्या गोष्टी. पुढच्या पावसाळ्यात पहिला नंबर हिचा.

नुसत्या नावासाठी : श्याम मनोहरांची ‘खूप लोक आहेत’ (२००२). बदलापूर फास्टच्या दारात उभं राहून हे नाव मोठ्याने वाचा!